मी बोलावले होते का?

तीन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी आमच्या शाळेसमोरच्या मोकळ्या जागेत एके सकाळी एक पिवळे यंत्र येऊन उभे राहिले, आणि त्या दिवशी माझ्या वर्गात भागाकार काही शिकवून झाला नाही. यंत्राने सोंड उचलली की चाळीस माना खिडकीकडे वळत, आणि सोंड जमिनीत रुतली की चाळीस तोंडांतून एकदम एक उद्गार निघे. मी दोनदा रागावलो, एकदा खडू आपटला, आणि शेवटी स्वतःच खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खोटे कशाला बोला, मलाही पाहायचेच होते.

या यंत्राला आपण सगळे 'जेसीबी' म्हणतो, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो. जोसेफ सिरिल बॅमफर्ड नावाच्या एका इंग्रजाने १९४५ साली एका लहानशा गॅरेजात आपला धंदा सुरू केला. त्याच्या नावाची तीन आद्याक्षरे आज आमच्या निलंगा तालुक्यातल्या दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक आहेत. कित्येक लेकरांना 'आई' आणि 'बाबा' यांच्या पाठोपाठ हाच शब्द येतो, असे मी आयांच्या तोंडून ऐकले आहे. २०१९ साली आपल्या देशात या खोदाईची मोठी थट्टा झाली. लोक कामधंदा टाकून तासन् तास हे यंत्र पाहत उभे राहतात, म्हणून. मला ती थट्टा फारशी रुचली नाही. पाहण्यासारखे आहे म्हणूनच माणसे पाहतात. मुलाला सर्वांत आधी जी गोष्ट करता येते ती म्हणजे माती उकरणे. हातांनी, काडीने, चमच्याने, जे मिळेल त्याने ते माती उकरते. आणि इथे एक सात-साडेसात टनांचा प्राणी नेमके तेच काम करतो आहे! त्या पोराला त्यात आपलाच एक अवाढव्य थोरला भाऊ दिसत असला तर नवल नाही.

यंत्र आणि मूल यांची ओढ आमच्या गावाने दुसऱ्याही एका प्रसंगी पाहिली आहे. २०१७ च्या मे महिन्यात तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांचे हेलिकॉप्टर निलंग्यात उड्डाण करताच तारांत अडकून वस्तीतच खाली आले. आतली सगळी माणसे बचावली. त्या वेळी मोठी माणसे घाबरून मागे सरत होती आणि लेकरे पुढे पळत होती. संकट पाहून मागे सरायचे असते हे माणसाला फार उशिरा कळते. पुढे धावायचे असते हे मात्र तो जन्मतःच घेऊन येतो.

असो. मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच आहे, आणि ती सांगायला मी तीन वर्षे घेतली आहेत.

यंत्र आले त्या आठवड्याच्या शनिवारी मी चौथीच्या वर्गाला निबंध दिला. विषय : 'मी पाहिलेले यंत्र'. आमची मुले निबंध म्हटला की बाजारातले गाइड उघडतात आणि त्यातला मजकूर काना-मात्रेसकट उतरवून आणतात. मी कादंबऱ्या लिहिणारा माणूस. पाहिल्यावाचून लिहू नये हा माझा हट्ट. तेव्हा मी फळ्यावर विषय लिहिला आणि वर तोंडाने सांगितले, "गाइड कुणी उघडायचं नाही. नीट जवळून बघा, आणि मग लिहा."

'जवळून' हा शब्द माझा आहे. तो कुणी माझ्या तोंडी घातला नव्हता.

त्या आधीच्या रात्री पाऊस झाला होता. आमच्याकडची काळी जमीन ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचे सांगावे लागणार नाही. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, इतकी की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. पाणी मिळाले की ती फुगते आणि लोण्यासारखी होते. दीड पुरुष खोल सरळ उभा खड्डा अशा मातीत काढला, की त्याच्या भिंती दिसायला सुरीने कापल्यासारख्या सुबक दिसतात. पण त्या उभ्या असतात त्या केवळ सवयीने. त्यातून खोदलेली माती कुठे टाकायची? लांब टाकायची तर टिप्पर लागतो, डिझेल लागते. म्हणून ती खड्ड्याच्या अगदी काठावरच ढीग करून ठेवतात. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाच्या वर जाते. म्हणजे आधीच डळमळीत काठ, आणि त्याच्या डोक्यावर पाच-पंचवीस टनांचा बोजा. हे गवंड्याला माहीत असते, मिस्तरीला माहीत असते, यंत्र चालवणाऱ्याला तर असतेच असते. माहीत नसते ते फक्त नऊ वर्षांच्या मुलाला. त्याला ढीग दिसतो, आणि ढीग म्हणजे चढायची जागा.

रविवारी दुपारी काम बंद होते. यंत्र आपली सोंड खड्ड्यात टेकवून उभे होते. राखणदार जेवायला गेला होता. माझा एक विद्यार्थी वही आणि पेन्सिल घेऊन, धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन, ढिगावर चढला. त्याला बकेटचे दात मोजायचे होते. काठ सुटला. पोरगा खाली गेला, आणि त्याच्या मागून ढिगातले दगड आणि ढेकळे आली. मांडीपर्यंत गाडला गेला. बहीण सहा वर्षांची. ती ओरडली नाही, धावत जाऊन तिने पलीकडच्या झोपडीतल्या मजुरांना हाताला धरून आणले, म्हणून तो जगला. मजुरांनी कुदळ न लावता हातांनी माती उपसली. डाव्या पायाचा घोटा पार चिरडला होता. लातूरला नेले, दोन शस्त्रक्रिया झाल्या. आज तो चालतो, पण एक पाय किंचित आखूड राहिला आहे, आणि प्रार्थनेच्या रांगेत तो दुरूनही ओळखू येतो.

त्यानंतर जे बोलणे झाले ते मी लक्षात ठेवले आहे. गुत्तेदार वाईट माणूस नव्हता. दवाखान्याचा काही खर्च त्याने दिला. पण चार माणसांसमोर तो म्हणाला, "मी काय त्याला बोलावलं होतं का? माझी जागा, माझं काम. पोरगं आपल्या पायानं आलं." मुलाचा बाप हमाली करणारा. मी त्याच्या घरी गेलो, निबंधाचे सांगितले, आणि मान खाली घालून बसलो. तो म्हणाला, "तुमचं काय चुकलं गुरुजी? त्याच्या नशिबातच होतं ते. लेकरू वाचलं, देव पावला म्हणायचं." माझ्या एका सहकाऱ्याने खाजगीत सांगितले, की त्या निबंधाचे पुन्हा कुणाजवळ बोलू नका, उगीच अंगाशी येईल.

म्हणजे ज्याने खड्डा खणला त्याचा दोष नाही, कारण त्याने बोलावले नव्हते. ज्याने जवळ जायला सांगितले त्याचा दोष नाही, कारण नशीब होते. राहता राहिला तो नऊ वर्षांचा मुलगा. सगळ्यांनी आपापले ओझे उतरवले, ते नकळत त्याच्याच डोक्यावर जाऊन बसले. हे मला घरी परत येताना वाटेत लक्षात आले, आणि त्या रात्री मला जेवण गेले नाही.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस, कायद्याचे मला काय कळणार? पण आमच्या निलंग्याच्या कोर्टात वकिली करणारा माझा एक बालमित्र आहे. त्याला मी गुत्तेदाराचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. तो हसला आणि म्हणाला, "अरे, या प्रश्नावर जगातली मोठमोठी न्यायालये दीडशे वर्षे भांडत आली आहेत." मग त्याने मला ज्या हकीकती सांगितल्या त्या ऐकून मी थक्क झालो.

अमेरिकेत नेब्रास्का प्रांतात ब्लेअर नावाचे एक लहान गाव आहे. तिथे रेल्वेचे इंजिन फिरवायचे एक चक्र होते, आणि त्याला कुलूप नव्हते. १८६९ साली काही मुले त्या चक्रावर खेळायला गेली आणि सहा वर्षांच्या एका मुलाचा पाय त्यात सापडून चिरडला. रेल्वे कंपनी म्हणाली, जागा आमची, आम्ही बोलावले नव्हते. खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १८७३ साली न्यायालयाने मुलाला मिळालेली साडेसात हजार डॉलरांची भरपाई कायम केली. मोठ्या माणसाकडून जेवढ्या सावधगिरीची अपेक्षा करायची तेवढी सहा वर्षांच्या मुलाकडून करता येत नाही, हा त्यातला गाभा. पुढे तिकडच्या न्यायाधीशांनी या विचाराची वाढ केली. जी वस्तू स्वभावतःच मुलाला ओढून घेते, ती मालकाने उघड्यावर ठेवली म्हणजे त्याने मुलाला आमंत्रणच दिले असे धरावे, असे ते म्हणू लागले.

दुसरी हकीकत स्कॉटलंडमधली. ग्लासगो शहराच्या सार्वजनिक बागेत एक विषारी झुडूप होते. त्याला चेरीसारखी चकचकीत फळे लागत. सात वर्षांच्या एका मुलाने ती खाल्ली आणि तो मेला. पुरेसा इशारा देणारी पाटी नव्हती. १९२२ साली विलायतेच्या सर्वोच्च सभागृहाने बापाची तक्रार ऐकण्याजोगी ठरवली. पण त्याच सभागृहाने १९२९ साली एका कोळशाच्या खाणीवरच्या चाकात सापडून मेलेल्या चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उलट सांगितले : मूल आगंतुक होते, खाणमालकाचे त्याच्याशी काही देणे लागत नाही. तो निर्णय त्रेचाळीस वर्षे टिकला. मोडक्या कुंपणातून रेल्वेच्या विजेच्या रुळावर गेलेले एक सहा वर्षांचे पोर भाजले होते, त्याच्या बाबतीत १९७२ साली मात्र न्यायाधीशांना वाटले की आगंतुकाशीही साध्या माणुसकीचे काही नाते असतेच. कायद्यालाही शहाणे व्हायला दोन पिढ्या लागल्या. मग आमच्या गुत्तेदाराला मी किती बोल लावू?

आता यावर एक आक्षेप येतो, आणि तो मी स्वतःच स्वतःवर घेतला आहे. उद्या प्रत्येक चिंचेच्या झाडाला कुंपण घालायचे काय? प्रत्येक विहिरीवर झाकण? मी ज्या खेड्यात वाढलो तिथे आम्ही पोरे वाळलेले भोपळे पाठीला बांधून साठ फूट खोल विहिरीत उड्या मारत होतो. तेव्हा कुणी आम्हांला अडवले असते तर पोहायला कधीच शिकलो नसतो. ज्या मुलाला कधी खरचटले नाही ते मूल वाढलेच नाही, असे मी अजूनही म्हणतो. धोका मुलाच्या वाढीचे अन्न आहे. ते पूर्ण काढून घेतले तर मूल सुरक्षित राहील, पण भुकेले राहील.

पण विहीर आणि तो खड्डा यांत फरक आहे, आणि त्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विहीर आपला धोका लपवत नाही. पाणी दिसते, खोली दिसते, पिढ्यान् पिढ्यांच्या गोष्टी तिच्याभोवती जमलेल्या असतात. 'तिथं अमकीचा पोर बुडाला' हे प्रत्येक घरात सांगितलेले असते. झाडाची वाळकी फांदी करकर वाजून सांगते. आणि आम्ही उड्या मारत होतो तेव्हा काठावर माझा चुलता हातात दोर धरून बसलेला असे, हे मी सोयीस्करपणे विसरत होतो. बांधकामाची जागा अशी नाही. ती काल नव्हती आणि आज आहे. आज सकाळी होती तशी संध्याकाळी नाही. खड्डा काल कोरडा होता, आज त्यात पाणी आहे, आणि गढूळ पाण्याला तळ दिसत नाही. वाळूचा ढीग दिसायला गादी, पण एका बाजूने पोखरला की दुसरी बाजू अंगावर येते. भिजवलेल्या चुन्याचा हौद दिसायला दुधासारखा, आणि डोळ्यांत उडाला तर डोळा जातो. या सगळ्यांच्या गोष्टी अजून आजीला ठाऊक नाहीत. मुलाचे ज्ञान गोष्टींतून येते, आणि यंत्र इतक्या वेगाने आले की गोष्ट मागे राहिली.

आमच्या भागातली शेततळी हे याचेच उदाहरण. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. दुष्काळी मुलखात ही शेततळी वरदान आहेत याबद्दल वाद नाही. पण विहिरीला पायऱ्या असतात, नदीला काठ असतो. या प्लास्टिकला धरायला काहीच नसते. पोहता येणारा गडीसुद्धा शेवाळलेल्या कागदावरून पुन्हा पुन्हा घसरत आत जातो. काठाला एक दोर बांधून आत सोडला, गाठी मारल्या, तरी जीव वाचेल. एक दोर! उघड्या कूपनलिकांविषयी सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली बारीकसारीक सूचना द्याव्या लागल्या. खोदताना भोवती काटेरी तारेचे कुंपण घाला, तोंडावर पोलादी झाकण बसवा, पाणी लागले नाही तर बोअर तळापासून माती-दगडांनी भरून काढा. देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशांनी बसून झाकणाविषयी लिहावे लागले, यात न्यायालयाचा मोठेपणा आहे आणि आपला लहानपणा आहे.

मी यंत्रांचा शत्रू आहे असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट मला आठवते. अनंत चतुर्दशीची रात्र सरत होती, गणपती बोळवून माणसे झोपली होती, आणि पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना जमीन हलली. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. किल्लारीकडून येणाऱ्या बातम्या मोठी माणसे आमच्यासमोर बोलत नसत. सरकारी हिशेबाने जवळजवळ आठ हजार माणसे गेली, आणि ज्या जाडजूड दगड-मातीच्या भिंतींनी आणि माळवदांनी पिढ्यान् पिढ्या ऊन अडवले होते त्यांनीच ती मारली. त्यानंतर यंत्रे आली. ढिगारे उपसले, नवे रस्ते काढले, बावन्न गावे उचलून नव्या जागी वसवली. त्या दोन-तीन वर्षांत आम्हां पोरांचे सगळे खेळ बांधकामांवरच झाले. सिमेंटच्या पाइपांत लपणे, मुरमाच्या ढिगावरून घसरणे, सळयांवरून चालण्याची पैज. कुणी हाकलले नाही. हाकलायला माणसे उरली होती कुठे? एक गंमत सांगतो : दगडाच्या घरात झोपायला घाबरणारी आम्ही मुले अर्धवट बांधलेल्या भिंतींवर बिनधास्त चढत होतो. जुन्याने दगा दिला म्हणजे नवे तेवढे सुरक्षित, असे आमचे शास्त्र होते. त्यात आम्ही वाचलो ते केवळ दैवाने, आणि वाचलो म्हणून 'आम्ही नाही का खेळलो' असे म्हणायला आज मोकळे आहोत. जे खेळताना गेले ते असे म्हणायला येत नाहीत.

आणखी एक गोष्ट मला त्या बहिणीने दाखवून दिली. ती ज्या झोपडीकडे धावली ती झोपडी बांधकामाच्या आवारातच होती. तिथे त्या वेळी तीन मुले होती. एक साडीच्या झोळीत, एक रांगणारे, एक पाच वर्षांचे. आम्ही सारे गाव आमच्या एका मुलासाठी हळहळत होतो. पण ही तीन त्या खड्ड्यापासून वीस पावलांवर रोज राहत होती. ती आगंतुक नव्हती. त्यांना तर बोलावलेच होते, त्यांच्या आईबापांसकट. अपघातानंतर पालकांनी आरडाओरडा केला आणि गुत्तेदाराने पत्रे ठोकून कुंपण केले. चांगले झाले, आमची मुले बाहेर राहिली. आणि ती तीन आत राहिली.

मला हे तेव्हा सुचले नाही, याची लाज वाटते. कारण आमच्या तालुक्यातली किती तरी कुटुंबे पुण्याला, हैदराबादला अशाच कामांवर जातात आणि त्यांची मुले माझ्या हजेरीपटावरून दिवाळीनंतर गळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. २९ जून २०१९ च्या रात्री पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या पत्र्याच्या घरांवर कोसळली. पंधरा जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. ती कुठे खेळायला गेली नव्हती. ती आपल्या घरात आईजवळ झोपली होती. तिथे कुणी म्हणू शकेल का, की पोरे आपल्या पायाने आली?

१९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन या बाईंनी बांधकामावरच्या मजुरांची मुले धुळीत पडलेली पाहिली आणि तिथेच एका तंबूत पाळणाघर मांडले. त्यातून 'मोबाइल क्रेशेस' ही संस्था उभी राहिली, पुढे तिचे काम मुंबईत आणि पुण्यातही आले. काम हलले की पाळणाघर हलते. साधी कल्पना आहे. १९९६ साली बांधकाम कामगारांचा कायदा झाला तेव्हा त्यात पन्नासांहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवावी, असे लिहिले गेले. आता निलंग्यासारख्या गावात कोणत्या बांधकामावर एकावन्न बाया असतात? पाच असतात, सात असतात. म्हणजे त्या कायद्याने मोठ्या इमारतीच्या मुलांची काळजी घेतली, आणि लहान इमारतीवरचे मूल झोळीत.

त्या बापाच्या तोंडचा 'नशीब' हा शब्द मला फार दिवस छळत राहिला. एके रात्री महाभारतातली अणीमांडव्याची गोष्ट आठवली. निरपराध मांडव्य ऋषीला राजाने सुळावर दिले. यमधर्माकडे जाऊन त्याने विचारले, माझा गुन्हा कोणता? यम म्हणाला, लहानपणी तू किड्यांना काडी टोचली होतीस. ऋषी संतापला. अजाण वयातल्या खोडीला एवढी शिक्षा? त्याने यमालाच शाप देऊन पृथ्वीवर पाठवले, तोच विदुर झाला. आणि त्याने नवा नियम घातला, की चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला पाप लागणार नाही. आपल्या फौजदारी कायद्यातही सात वर्षांखालील मुलाच्या हातून अपराध घडतच नाही असे मानतात. पूर्वीच्या दंडसंहितेत होते, २०२३ च्या न्यायसंहितेतही आहे.

मला या गोष्टीत आजवर मांडव्याची करुणा दिसे. त्या रात्री दुसरेच दिसले. मांडव्याने नियम बदलला तो मेल्यावरच्या न्यायालयाचा. काळ्या मातीच्या काठाला तो कुणी सांगितला नाही. खड्डा वय विचारत नाही. चुकीची शिक्षा तो जागच्या जागी देतो, आणि नऊ वर्षांच्या मुलाला नव्वद वर्षांच्या माणसाइतकीच देतो. तिथे मांडव्याचा नियम चालवायचा तर तो यमाने नव्हे, खड्डा खणणाऱ्याने चालवला पाहिजे : चार खांब रोवून, माती दोन हात मागे टाकून, भिंत उभी न कापता उतरती कापून. आणि मीही, बोलण्याआधी एक शब्द तपासून.

वर्षभराने त्याच रस्त्यावर दुसरे काम निघाले. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन मी वर्ग तिकडे नेला. मुलांना 'जाऊ नका' म्हणून मला पुरेना. आणि खरे सांगायचे तर त्या म्हणण्यावर माझा विश्वासही उरला नव्हता. यंत्रावरचा गडी बिहारकडचा, तरुण, घरी दोन मुले असलेला. त्याने यंत्र बंद केले, किल्ली काढून खिशात घातली, आणि एका मुलाला आपल्या जागी बसवले. मग मी बारा मुलांना पुढच्या मोठ्या बकेटच्या आड आणि मागच्या चाकांपाशी उकिडवे बसवले आणि वरच्याला विचारले, "किती जण दिसतात?" तो इकडून वाकला, तिकडून वाकला. "सर, तीन." खालून नऊ जणांचा एकच हशा उठला, आणि तो ज्या रीतीने एकाएकी थांबला ते मी विसरणार नाही. आम्हांला तो दिसतो, म्हणजे त्यालाही आम्ही दिसतो, हा प्रत्येक मुलाचा जन्मजात सिद्धांत असतो. तो तिथे डोळ्यांदेखत मोडला. एका मुलीने मला हळूच विचारले, "मग त्या मामांना रोज भीती वाटत नसेल का?" गड्याला मी ते हिंदीत सांगितले. तो म्हणाला, मागे घेताना रोज वाटते.

याने माझे ओझे उतरले असे मी म्हणणार नाही. शाळेसमोर आता दुमजली इमारत उभी आहे; खाली किराणा आणि झेरॉक्सचे दुकान. ती झोपडी गेली, त्या तीन मुलांचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही. पुण्याकडची किल्ले करण्याची रीत आमच्याकडेही आली आहे, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत पोरे माती आणायला पुन्हा कुठल्या ना कुठल्या बांधकामावर जाणारच. या वर्षी मी गावाबाहेरून दोन बैलगाड्या माती आणवून शाळेच्या पटांगणात टाकली आहे.

तो मुलगा सहा महिन्यांनी शाळेत आला तेव्हा पहिल्याच दिवशी त्याने दप्तरातून वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. "सर, निबंध द्यायचा राहिला होता." वहीवर वाळलेल्या काळ्या मातीचे डाग होते. विषय वर नीट लिहिलेला, खाली रेघ ओढलेली. पहिले वाक्य होते, यंत्राच्या बकेटला दात असतात. पुढे दातांचा आकडा लिहायला त्याने जागा सोडली होती. मी म्हणालो, "पूर्ण कर की." तर तो म्हणाला, "मोजून व्हायच्या आधीच पडलो सर. तुम्हीच म्हणलाव, बघितल्याशिवाय लिहायचं नाही."

ती वही अजून माझ्या कपाटात आहे. तांबडी शाई घेऊन मी दोन-तीनदा ती उघडली आहे.